इटालियन विनोदपट आणि स्तेफानिया सांद्रेल्ली

इटालियन विनोदी चित्रपटांचा सुवर्णकाळ मारिओ मोनिचेल्ली यांच्या ‘बिग डील ऑन मॅडोना स्ट्रीट’पासून (१९५८) सुरू झाला, असे मानले जाते. रोममधले काही भुरटे चोर तारणपेढी फोडायला निघतात, भलतीच भिंत पाडतात आणि स्वयंपाकघरात पोचतात. तिजोरी राहते बाजूला. मंडळी तिथलाच पास्ता आणि काबुली चण्यांवर ताव मारतात. पण याच चित्रपटात त्यांच्या टोळीतला एक जण ट्रामखाली सापडून मरतो. गरिबी, लबाडी आणि मृत्यू यांना बगल न देता हसवणे ही या परंपरेची ओळख ठरली.

पिएत्रो जेर्मी यांनी हे हसू थेट कायद्यावर रोखले. त्यांचा ‘डिव्होर्स, इटालियन स्टाइल’ (१९६१) सिसिलीत घडतो. इटलीत तेव्हा घटस्फोटाची सोयच नव्हती. मात्र व्यभिचारात सापडलेल्या पत्नीचा संतापाच्या भरात खून केल्यास दंडसंहितेच्या कलम ५८७ नुसार शिक्षा जेमतेम तीन ते सात वर्षांची होती. बायकोला विटलेला आणि नात्यातल्या कोवळ्या आंजेलावर भाळलेला सरदार फेफे हीच पळवाट हेरतो. बायकोसाठी प्रियकर शोधायच्या खटपटीला तो लागतो आणि भावी खटल्यातले आपल्या वकिलाचे भाषणही मनातल्या मनात ऐकू लागतो. चोपडलेले केस आणि तोंडाचा विचित्र चाळा यांतून मार्चेल्लो मास्त्रोयान्नी यांनी फेफे उभा केला. या चित्रपटाच्या पटकथेला ऑस्कर मिळाले.

आंजेला झालेल्या स्तेफानिया सांद्रेल्ली तेव्हा अवघ्या पंधरा वर्षांच्या होत्या. १९४६ साली व्हियारेज्जो येथे जन्मलेल्या सांद्रेल्लींचे पदार्पणाचेच ते वर्ष. चित्रपटभर आंजेला फेफेच्या स्वप्नातली निरागस मुलगी असते. अखेरच्या दृश्यात मात्र नावेवर तो तिचे चुंबन घेत असताना तिचा पाय हळूच नावाड्याच्या पायाशी खेळतो आणि फेफेचा सारा डाव त्याच्यावरच उलटतो.

जेर्मींच्या ‘सिड्यूस्ड अँड अबँडन्ड’मध्ये (१९६४) सांद्रेल्लींची आन्येझे बहिणीच्या वाग्दत्त वराकडून फसवली जाते. कलम ५४४ नुसार अत्याचार करणाऱ्याने त्या मुलीशी लग्न केले की गुन्हाच पुसला जाई. म्हणून घराण्याची अब्रू वाचवण्यासाठी बाप आकाशपाताळ एक करतो; मुलीला काय हवे हे मात्र कोणी विचारत नाही. लवकरच सिसिलीतल्या फ्रांका व्हियोला या तरुणीने आपले अपहरण करणाऱ्याशी लग्न करायला प्रत्यक्षात नकार दिला आणि खटला देशभर गाजला. घटस्फोटाचा कायदा १९७० मध्ये आला. ही दोन्ही कलमे रद्द व्हायला १९८१ उजाडले.

आन्तोनिओ पिएत्रांजेली यांच्या ‘आय न्यू हर वेल’मध्ये (१९६५) सांद्रेल्ली खेड्यातून रोमला आलेली, नटी होऊ पाहणारी आद्रियाना झाल्या. तिची मुलाखत कापून-जोडून पडद्यावर दाखवली जाते ती तिची टर उडवण्यासाठी. उगवत्या नटीला वापरून फेकणाऱ्या चित्रसृष्टीवरच हा वार होता, आणि त्याचा शेवट आद्रियानाच्या आत्महत्येत होतो.

सांद्रेल्ली मात्र या सृष्टीत टिकल्या. बेर्नार्दो बेर्तोलुच्ची यांचा ‘द कन्फॉर्मिस्ट’ (१९७०) आणि एत्तोरे स्कोला यांचा ‘वी ऑल लव्हड ईच अदर सो मच’ (१९७४) हे त्यांचे पुढचे महत्त्वाचे चित्रपट. २००५ साली व्हेनिस महोत्सवात त्यांना कारकिर्दीसाठीचा सुवर्णसिंह देण्यात आला.