कोलोनोस्कोपी उद्या, पण खरी परीक्षा आज रात्री! आतडे रिकामे का आणि कसे करायचे?

माकणी (ता. लोहारा, जि. धाराशिव) : लातूरच्या दवाखान्यात सकाळी ९ची वेळ मिळाली आहे. पोट साफ करण्याच्या औषधाचा दुसरा अर्धा भाग पहाटे ४ला सुरू करून ७च्या आत संपवायचा, असे कागदावर लिहिले आहे. माकणीहून किल्लारी, औसा करत लातूर गाठायला एसटीने दोन तास तरी धरावे लागतात. म्हणजे ज्या वेळी घडीघडीला शौचाला पळावे लागणार, नेमक्या त्याच वेळी माणूस एसटीच्या सीटवर बसलेला असणार.

तेरणाकाठच्या या गावातून कोलोनोस्कोपीसाठी शहरात जाणाऱ्या कुणापुढेही हे गणित उभे राहू शकते. त्याचे सोपे वाटणारे उत्तर एकच असते : सगळे औषध आदल्या संध्याकाळीच पिऊन मोकळे व्हायचे, नाहीतर पहाटेचा डोस सोडूनच द्यायचा. अनेकदा तपासणी इथेच बिघडते.

दुर्बिणीला दिसते काय?

मोठे आतडे साधारण दीड मीटर लांबीचे. गुदद्वारातून कॅमेऱ्याची लवचीक नळी आत सरकवून त्याची आतली भिंत पाहायची, ही कोलोनोस्कोपी. १९६९मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॉ. विल्यम वुल्फ आणि डॉ. हिरोमी शिन्या यांनी याच नळीतून तारेचा फास घालून आतड्यातली गाठ पोट न फाडता काढून दाखवली, तेव्हापासून ही केवळ पाहण्याची तपासणी राहिलेली नाही. पॉलिप, म्हणजे भिंतीवर उगवलेला छोटा कोंब, दिसला तर बहुतेक वेळा तिथल्या तिथे काढता येतो. अशा कोंबाचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षे लागतात, त्यामुळे तो वेळेत सापडणे मोलाचे.

पण काही कोंब चपटे असतात, काही मिलिमीटरचे. त्यांच्यावर विष्ठेचा पातळ थर असला तरी कॅमेरा वरून निघून जातो. रिपोर्टवर 'काही आढळले नाही' असे येते आणि रुग्ण निर्धास्त घरी परततो. तपासणी अर्धवट सोडावी लागली तर निदान पुन्हा करायची आहे एवढे तरी कळते. खोटा दिलासा त्याहून वाईट.

अमेरिकेतल्या पोटविकार तज्ज्ञांच्या संयुक्त कार्यगटाने २०१४मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, २० ते २५ टक्क्यांपर्यंत कोलोनोस्कोपींमध्ये आतडे पुरेसे साफ नसते. तिकडे बरेच लोक तक्रार नसतानाही ठरावीक वयानंतर ही तपासणी करून घेतात. आपल्याकडे तसे नाही. सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची चाचपणी होते, आतड्याची नाही. बार्शीला १९८७पासून चालणारी देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी धाराशिव जिल्ह्यातल्या भूम, परंड्याचीही नोंद ठेवते. खेड्यात आतड्याचा कर्करोग शहरापेक्षा कमी, हे तिथल्या आकड्यांतून दिसत आले आहे. त्यामुळे गावातून जो माणूस कोलोनोस्कोपीला निघतो, तो सहसा काहीतरी तक्रार घेऊनच निघतो. शौचातून रक्त, कारण न सापडणारा ॲनिमिया, उतरलेले वजन, बदललेली शौचाची सवय. अशा रुग्णाची तपासणी फुकट जाणे जास्त महाग पडते. पुन्हा तेवढेच पैसे, पुन्हा बुडालेला रोजगार, आणि पुन्हा तेच औषध.

जुलाबाचे साधे औषध का चालत नाही?

एरंडेल किंवा त्रिफळा चूर्ण घेऊन पोट साफ होते, मग दोन लिटर खारट पाणी कशाला? प्रश्न रास्त आहे. घरगुती औषधाने पोट हलके वाटेल, पण भिंत धुतली जात नाही. तपासणीला भिंत लागते.

सध्या सर्वाधिक वापरात असलेल्या औषधांपैकी एक म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि क्षारांचे मिश्रण. १९८०मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याचे सूत्र मांडले. युक्ती सोपी आहे. पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे रेणू एवढे मोठे, की आतडे ते शोषू शकत नाही. ते पाणी धरून ठेवतात आणि क्षारांचे प्रमाण असे जुळवलेले, की शरीरातून फारसे पाणी-मीठ बाहेर जात नाही आणि आतही येत नाही. वरून ओतलेले पाणी नळीतून धुवत धुवत खाली उतरते. नवीन बोअर मारल्यावर आधी चिखल, मग गढूळ, मग नितळ पाणी येते. इथेही क्रम तोच.

या सूत्रापर्यंत पोहोचताना वैद्यकाने ठेचा खाल्ल्या आहेत. पूर्वी मॅनिटॉल ही साखर वापरत. आतड्यातले जंतू ती आंबवून ज्वलनशील वायू तयार करतात आणि कोंब जाळून काढताना ठिणगी पडली तर भडका उडू शकतो. १९७९मध्ये अशा स्फोटात रुग्ण दगावल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. पुढे सोडियम फॉस्फेटची सुटसुटीत औषधे आली. त्यांनी काहींची मूत्रपिंडे निकामी केली, तेव्हा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २००८मध्ये त्यांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. म्हणून शेजाऱ्याचे उरलेले पाकीट वापरायचे नाही. मूत्रपिंड, हृदय किंवा यकृताचा आजार असेल तर कोणते औषध द्यायचे, हे डॉक्टरच ठरवणार.

भारतात मिळणारे मोठे पाकीट साधारणपणे २ लिटर पाण्यात विरघळवतात. थंड केले तर पिणे सोपे जाते. दर १० ते १५ मिनिटांनी एक ग्लास. चव खारट, जरा गिळगिळीत. मध्ये लिंबाची फोड चोखायला हरकत नाही, पण औषधात साखर घालायची नाही. मळमळले तर अर्धा तास थांबून पुन्हा सुरू करायचे. मात्र पोट फुगून कळा येत असतील, उलट्या थांबत नसतील आणि शौचाला होतच नसेल, तर पुढचा ग्लास न घेता डॉक्टरांना फोन करायचा. आतड्यात अडथळा असू शकतो.

पहाटेचा डोस एवढा महत्त्वाचा का?

रात्रभर आपण झोपतो, लहान आतडे झोपत नाही. पित्त, पाचकरस आणि चिकट द्रव ते मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे पोटाच्या उजव्या बाजूला, ढकलत राहते. संध्याकाळी लख्ख धुतलेल्या भिंतीवर सकाळपर्यंत पिवळट लेप बसतो. चपटे, नजरेतून निसटणारे कोंब जास्त करून याच बाजूला असतात. म्हणून औषध दोन भागांत : अर्धे आदल्या संध्याकाळी, अर्धे तपासणीच्या ४ ते ६ तास आधी सुरू करायचे आणि किमान २ तास आधी संपवायचे. शेवटच्या दोन तासांत पाणीही नाही, कारण गुंगीच्या औषधात उलटी झाली तर ती फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

डॉक्टर स्वच्छतेला गुण देतात. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोस्टन मापनात आतड्याचे तीन भाग करून प्रत्येकाला ० ते ३ गुण असतात. प्रत्येक भागाला किमान २ हवेत. एकूण ९ पैकी ६ आले, पण उजव्या भागाला १ असेल, तरी नापास.

भाकरी एक दिवस बाजूला

मराठवाड्यातले रोजचे ताट एरवी आतड्यासाठी उत्तम. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, कारळ-जवसाची चटणी, शेंगदाण्याचे कूट. कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवशी मात्र यातले काहीच चालत नाही. चोथा आणि बिया भिंतीला चिकटतात, नळीच्या तोंडाशी अडकतात. पेरू, टोमॅटो, वांगे, तीळ दोन-तीन दिवस आधीच बंद केलेले बरे. बद्धकोष्ठाचा जुना त्रास असेल तर तयारी आणखी आधी सुरू होते. तसे डॉक्टरांना आधीच सांगावे.

आदल्या दिवशी सकाळी मऊ भात, मुगाचे पातळ वरण, साल काढलेला उकडलेला बटाटा, बिनभाजीचा रव्याचा उपमा. काही डॉक्टर एवढेही न देता दिवसभर द्रवच सांगतात. मग त्यांचेच ऐकायचे. दुपारनंतर आरपार दिसणारे द्रव : पाणी, शहाळे, गाळलेले लिंबू सरबत, कोरा चहा. दूध आणि ताक नाही. कोकम, बीट, लाल-जांभळी सरबते नाहीत, कारण आत तो रंग रक्तासारखा दिसतो.

एक गोंधळ हमखास होतो. 'उपाशी राहा' ऐकले की घरात उपवासाचे शिजते. शेंगदाणे घातलेली साबुदाण्याची खिचडी, भगर, राजगिऱ्याचा लाडू, रताळे. एकादशीला चालणारे यातले जवळजवळ काहीच इथे चालत नाही.

रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या पाच ते सात दिवस आधी थांबवाव्या लागतात. त्यांनी शौच काळी आणि चिकट होते. इसबगोलही बंद. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन, रक्त पातळ करणारी औषधे यांचे मात्र स्वतःच्या मनाने काहीही करू नये. सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून तारीख घेतानाच डॉक्टरांपुढे ठेवलेली बरी.

मग रात्र कुठे काढायची?

माकणीतल्या गणिताला उत्तर आहे, पण ते तारीख ठरवतानाच मागावे लागते. 'गाव लांब आहे, दुसरा डोस कुठे घेऊ?' हे विचारायला संकोच नको. दुपारची वेळ मिळते का? पहाटेचा डोस वॉर्डातल्या खाटेवर घेता येतो का? नाहीतर आदल्या संध्याकाळीच लातूरला जाऊन नातेवाइकाकडे किंवा लॉजवर मुक्काम. खोलीला स्वतंत्र संडास आहे, एवढी एकच गोष्ट पाहायची. लॉजचे भाडे पुन्हा कराव्या लागणाऱ्या तपासणीपेक्षा स्वस्तच पडते. दुपारी १ची वेळ घेऊन घरून निघायचे, तर सकाळी ७ला सुरू केलेला डोस साडेआठपर्यंत संपवून पोट शांत व्हायला तासभर द्यायचा. हे जमते, पण एसटीच्या भरवशावर नाही. गाडी हवी, जी सांगितल्यावर थांबेल.

पहिला डोस घरीच घेणार असाल तर घरही तयार लागते. दहा-बारा फेऱ्या होऊ शकतात. संडास अंगणापलीकडे असेल तर वाटेवर दिवा, आत भरलेली टाकी किंवा पिंप. नळाला पाणी कधी येते हे पाहूनच तारीख घ्यावी, अशी परिस्थिती उन्हाळ्यात इथे असते. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी कमोडची खुर्ची मागून आणावी. रात्री चक्कर येऊन पडण्याचा धोका खरा आहे, म्हणून सोबत कुणी जागे हवे. बाईमाणसाने 'रात्री किती वेळा उठू' म्हणून निम्मे औषध ओतून देऊ नये, यासाठी घरातल्यांनी हे आधी बोलून घेतलेले चांगले. जळजळ टाळायला पहिल्या फेरीपासूनच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावे.

शेवटी जे बाहेर पडते ते लघवीसारखे पिवळसर आणि आरपार असेल, तर तयारी झाली. तपकिरी, गढूळ किंवा कण असलेले असेल, तर तपासणीच्या खोलीत जाण्याआधी नर्सला तसे सांगायचे. बऱ्याचदा आणखी औषध किंवा एनिमा देऊन त्याच दिवशी काम भागते. आणि परतीच्या प्रवासासाठी सोबतीचा माणूस हवाच. गुंगीचे औषध दिले असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत मोटारसायकल चालवायची नाही. त्या दिवशी मागे बसूनही नको.