तोडणीनंतरची निगा : पुनर्वसन शास्त्राचे शिक्षण



ऊस तुटून गेला म्हणजे काम संपले असे आपण कधी म्हणत नाही. बुडखे जमिनीलगत छाटतो, पाचट सरीत दाबतो, नांग्या भरतो, तेव्हा कुठे खोडवा जोमाने फुटतो. माणसाच्या बाबतीत मात्र टाके निघाले की दवाखाना संपला, अशी आपली समजूत. ती किती महागात पडते हे आम्ही आमच्याच एका गटात पाहिले.

एका सभासदाचा पाय ट्रॉलीखाली सापडला. गुडघ्याखाली कापावा लागला. जखम चांगली भरली. घरच्यांनी मायेपोटी रात्रंदिवस गुडघ्याखाली उशी ठेवली. तसे करू नये, हे त्यांना कोणी सांगितलेच नाही. गुडघा वाकला तो वाकलेलाच आखडला. कृत्रिम पाय बसवायला गेले, तर "आधी गुडघा सरळ करून आणा" असे सांगितले. पुढे एका फिजिओथेरपिस्ट मुलीने कित्येक महिने नेमाने व्यायाम करून घेतले, तेव्हा पाय बसला. आज ते स्वतः उसाला दारे धरतात.

ही मुलगी जे शिकली, त्याला पुनर्वसन शास्त्र म्हणतात. हे मालीश नव्हे, विद्यापीठाचे शिक्षण आहे. त्याच्या मुख्य शाखा अशा :

१) भौतिकोपचार (फिजिओथेरपी) : सांधा किती अंशात वाकतो हे मोजणे, स्नायूंची ताकद तपासणे, व्यायाम ठरवणे.

२) व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) : जेवण, आंघोळ, कपडे, शेतातले काम ही रोजची कामे उरलेल्या ताकदीवर पुन्हा कशी करायची ते शिकवणे. चरकात किंवा कडबाकुट्टीत हात गेलेल्या माणसाला हिची फार गरज असते.

३) कृत्रिम अवयव व आधारसाधने : पायाचे माप व साचा घेणे, अवयव बनवणे, चाल पाहून तो जुळवणे.

४) वाक् व श्रवणोपचार : बहिरेपणा, तोतरेपणा, अर्धांगवायूने गेलेली वाचा यांवरील उपचार.

पहिल्या वर्षी शरीररचना व शरीरक्रिया, पुढे शाखेचे विषय आणि रुग्णालयातील प्रत्यक्ष काम, शेवटी आंतरवासिता, असा साधारण क्रम असतो. सगळे मिळून चार ते पाच वर्षे लागतात.

आपल्या भागाचा या विद्येशी जुना संबंध आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० साली कमलाबाई निंबकर यांनी व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. त्या जन्माने अमेरिकन, लग्नाने महाराष्ट्राच्या. फलटणचे कृषी संशोधक बनबिहारी निंबकर हे त्यांचे चिरंजीव. पुढे १९६८ मध्ये जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. पी. के. सेठी यांनी रबराचा 'जयपूर फूट' तयार केला. बूट न घालता चालता यावे, उकिडवे बसता यावे, चिखलात उतरता यावे, हा त्यामागचा विचार. शेतकऱ्याच्या गरजा ओळखून केलेले हे काम आहे. म्हणूनच आम्हाला वाटते की शेतकऱ्याच्या घरातली मुले या शिक्षणात शिरली पाहिजेत. वाफा, सरी आणि बांध त्यांना समजावून सांगावे लागत नाहीत.

प्रवेशासाठी बारावी विज्ञान शाखेत जीवशास्त्र घेतलेले हवे आणि 'नीट' परीक्षा द्यावी लागते. त्यानंतर राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत जागा मिळतात. पदवी बहुतेक ठिकाणी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. कृत्रिम अवयवांचे शिक्षण मुंबईत हाजीअलीच्या केंद्रीय संस्थेत मिळते. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून त्या वर्षाची माहितीपुस्तिका जरूर वाचावी. फी भरण्यापूर्वी महाविद्यालयाची मान्यता तपासावी. 'सहा महिन्यांत थेरपिस्ट' असल्या जाहिरातींना भुलू नये.

मुलगा-मुलगी डॉक्टर झाली नाही म्हणून हळहळणारे पालक आम्हाला बांधावर भेटतात. त्यांना आमचे सांगणे एवढेच की, तोडणी करणारा एक असतो आणि खोडवा जगवणारा दुसरा. दोघेही लागतात.

आणि कोणाच्या घरी पाय कापलेला माणूस असेल, तर आज घरी गेल्यावर गुडघ्याखालची उशी तेवढी काढा, आणि पुढचे व्यायाम तज्ज्ञाला विचारून सुरू करा.

– ऊस विकास अधिकारी