टर्बोचे नट ढिले का पडतात
माझदा एमएक्स-५ सारख्या छोट्या गाडीला बाहेरचा टर्बो बसवून ती ट्रॅकवर पळवली, की टर्बोला मॅनिफोल्डशी धरणारे नट ढिले पडण्याची तक्रार हमखास येते. पहिला संशय फिटरवर जातो: नट नीट आवळला नसेल. पण बहुतेकदा खरे कारण उष्णता असते. नट आवळला की तो ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, म्हणजे स्टड, किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळेच टर्बो आणि मॅनिफोल्डचे फ्लँज, म्हणजे सांध्याच्या चपट्या कडा, घट्ट दाबलेले राहतात. पेट्रोल इंजिनाचा एक्झॉस्ट गॅस ८००-९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. त्या झळीत साधे पोलाद नरम पडते, स्टड हळूहळू कायमचा लांबतो, ताण निघून जातो आणि मग नट फिरायला इंजिनाची थरथर पुरते.

म्हणूनच अधिक जोर लावून आवळणे हा उपाय नव्हे. त्याने स्टड आधीच मर्यादेपलीकडे खेचला जातो. आटे चिकटवून धरणाऱ्या लॉकटाइटचे नेहमीचे प्रकारही दीडशे अंशांच्या आसपास हात टेकतात. नटाच्या कडेला दुमडायचे लॉकिंग पत्रे नट फिरू देत नाहीत हे खरे, पण गेलेला ताण ते परत आणू शकत नाहीत. इन्कोनेल या निकेलच्या मिश्रधातूचे स्टड महाग पडतात, तरी पैसे तिथेच घालावेत, कारण तापूनही त्यांची ताकद टिकते. जोडीला टर्बोचे वजन इंजिन ब्लॉकवर पेलणारा ब्रॅकेट हवा, आणि वाकलेले फ्लँज आधी सपाट करून घ्यायला हवेत. सांध्याभोवती काजळीचा पट्टा दिसला, तर गळती सुरू झाली आहे असे समजून स्टडच बदलावेत.