छऱ्याचे दोन प्रवास

शिशाचा सहा नंबरचा छर्रा म्हणजे अवघ्या २.६ मिलिमीटर व्यासाची गोळी. इंग्रजी मापाचे असे २७० छर्रे जमले की एक औंस, म्हणजे सव्वाअठ्ठावीस ग्रॅम वजन भरतं. ठासणीच्या बंदुकीच्या एका बारात साधारण एवढेच छर्रे असतात. या इवल्या छऱ्याच्या वाट्याला दोन प्रवास येतात. पहिला वरून खाली, मनोऱ्याच्या पोकळीतून, तीन-साडेतीन सेकंदांचा. दुसरा आडवा, नळीच्या तोंडापासून नेमापर्यंत, सेकंदाच्या सातव्या हिश्श्याचा. पहिल्या प्रवासात तो गोल होतो. तो खरोखर किती गोल झाला होता, याचा निकाल दुसऱ्यात लागतो.

मोठी गोळी साच्यात ओतता येते. पण बारीक छर्रे हजारोंनी हवेत आणि ते साच्यातून एकेक काढत बसणं परवडणारं नसतं. जुने कारागीर शिशाच्या पत्र्याचे चौकोनी तुकडे करून ते घोळवत. कोपरे झिजायचे, पण खरी गोलाई यायची नाही. १६६५ साली इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात प्रिन्स रूपर्टची युक्ती छापली. वितळलेल्या शिशात आर्सेनिक असलेलं खनिज थोडंसं मिसळायचं आणि भोकं पाडलेल्या भांड्यातून त्याचे थेंब पाण्यात सोडायचे. युक्ती चांगली होती, पण भांड्यापासून पाणी फार जवळ. थेंब नीट गोल होण्याआधीच पाण्यात पोचायचा, मग कुणाला शेपूट राहायचं, कुणाला खळगा पडायचा.

थेंबाला हवा होता तो वेळ, आणि पडणाऱ्या वस्तूला वेळ द्यायचा तर उंची द्यावी लागते. हे ओळखलं इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या विल्यम वॉट्स या प्लंबरने. त्याला वितळलेल्या शिशाच्या पावसाचं स्वप्न पडलं होतं, अशी दंतकथा तिथे सांगतात. स्वप्नाचं काही असो, पुढे त्याने जे केलं ते पक्कं ठाऊक आहे. रेडक्लिफ भागातल्या आपल्या राहत्या घरावर त्याने मनोरा चढवला, घराखाली थेट भुयारांपर्यंत विहिरीसारखा खड्डा खणला आणि १७८२ साली या पद्धतीचं पेटंट मिळवलं. वरच्या मजल्यावर चाळणीतून शिसं ओतायचं आणि तळाशी पाण्याचं टाकं ठेवायचं.

मधल्या पोकळीत काय घडतं ते पाहण्यासारखं आहे. चाळणीच्या भोकातून शिशाची धार निघते, पण धार म्हणून ती टिकत नाही. घरचा नळ बारीक सोडला तर पाण्याची धार जशी खाली जाऊन थेंबांत तुटते, तशीच ही तुटते. दोन्हीकडे कारण एकच, पृष्ठताण. द्रवाचा पृष्ठभाग सतत आकसू पाहतो, आणि ठरावीक आकारमानाला सर्वांत कमी पृष्ठभाग पुरतो तो गोलाला. म्हणून मोकळा सोडलेला लहान थेंब आपण होऊन गोल होतो. साचा नाही, कानस नाही, कारागिराचा हातही नाही. अडचण एकच असते. तापलेल्या शिशावर हवेतल्या ऑक्सिजनमुळे साय धरते आणि ती थेंबाला नीट आवळू देत नाही. तिच्यावरचा उतारा म्हणजे ते चिमूटभर आर्सेनिक. पुढे टणकपणासाठी अँटिमनीही मिसळू लागले. ५० मीटर पडेपर्यंत थेंब गोलच्या गोल थिजत आलेला असतो. पाणी त्याला झेलतं आणि थंड करतं, आकार देत नाही.

असे मनोरे मग जगभर उभे राहिले. चेस्टरचा १७९९ सालचा मनोरा आजही शाबूत आहे. बाल्टिमोरचा १८२८ सालचा मनोरा २३४ फूट उंच आहे. मेलबर्नला १९व्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या ५० मीटर उंचीच्या विटांच्या मनोऱ्याभोवती आता ‘मेलबर्न सेंट्रल’ हा मॉल आहे आणि त्याच्या डोक्यावर काचेचा प्रचंड शंकू. वॉट्सचं मूळ घर मात्र १९६८ साली रस्तारुंदीत गेलं.

तळाशी जमलेल्या छऱ्यांची परीक्षाही तितकीच साधी होती. ते उतरत्या फळीवरून सोडायचे आणि वाटेत एक फट ठेवायची. गोल छर्रा वेगाने गडगडत येऊन फट ओलांडतो. वेडावाकडा रखडतो, फटीत पडतो आणि पुन्हा कढईत जातो.

आता दुसरा प्रवास. ठासणीच्या बंदुकीत सगळं काही नळीच्या तोंडातूनच जातं, त्यामुळे भरण्याचा क्रम चुकवून चालत नाही. आधी गज घालून नळी खरोखर रिकामी आहे ना, ते पाहायचं. मग दारू, तिच्यावर जाड पुठ्ठ्याची चकती, चकतीवर चरबीत भिजवलेला नमद्याचा बुच, त्यावर छर्रे आणि सर्वांत वर पातळ पुठ्ठा. घोड्याखालची, बार पेटवणारी टोपी अगदी शेवटी, नळीचं तोंड नेमाच्या दिशेला असताना. दारू मोठ्या डब्यातून थेट नळीत कधीच ओतायची नाही, ती वेगळ्या मापात घेऊनच ओतायची. आधीच्या बाराची ठिणगी तळाशी धुमसत असेल तर डबाच हातात फुटायचा.

या थरांतल्या प्रत्येकाला नेमून दिलेलं काम आहे. जाड चकती तापलेला वायू छऱ्यांत शिरू देत नाही. शिरला तर शिसं वितळून छर्रे एकमेकांना चिकटतात. नमदा धक्का सोसतो, त्याची चरबी नळीतली काजळी मऊ करते. वरचा पुठ्ठा छर्रे सांडू देत नाही आणि तो मुद्दाम पातळ ठेवतात, कारण जाड असेल तर बाहेर पडताच छऱ्यांच्या वाटेत येतो. प्रमाणाचा जुना ठोकताळा असा की दारू आणि छर्रे एकाच मापाने, सारख्याच आकारमानाचे घ्यायचे. जास्त दारूने बार लांब जाईल असं वाटतं, पण जोराच्या धक्क्याने मऊ छर्रे चेपतात आणि पसारा वाढतो. शिवाय वेग वाढला की हवेचा विरोध त्याहून झपाट्याने वाढतो, त्यामुळे कमावलेला वेग काही अंतरातच खर्ची पडतो.

काळ्या दारूत तीन-चतुर्थांश सोरा असतो, उरलेला कोळसा आणि गंधक. सोऱ्यात बांधलेला ऑक्सिजन कोळशाला बंद नळीतही जळू देतो. त्या काळी युरोपला उत्तम सोरा मिळे तो बिहारमधून. तिथले नोनिया लोक खारट माती धुऊन तो काढत. प्लासीच्या लढाईनंतर, १७५८ साली, ईस्ट इंडिया कंपनीने या व्यापाराचा मक्ताच घेतला. पण दारू जळून पूर्णपणे वायू होत नाही. वजनाने निम्म्याहून अधिक भाग घन क्षारांच्या रूपात उरतो. तोच पांढरा धूर होतो, तोच नळीत काजळी होऊन बसतो. ही काजळी हवेतली ओल शोषते आणि लोखंड खाते. म्हणून बार झाले की नळी त्याच दिवशी गरम पाण्याने धुवावी लागते.

पेट घ्यायला लागणाऱ्या क्षणाचीही एक कहाणी आहे. चकमकीच्या बंदुकीत ठिणगी आधी बाहेरच्या पाळीतली दारू पेटवते आणि तिथून भोकावाटे आग आत जाते. तेवढ्या अवधीत पाण्यावरची बदकं तो झोत पाहून बुडी मारायची. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावच्या अलेक्झांडर फोर्सिथ या पाद्र्याला शिकारीचा नाद होता. आघाताने पेटणारं रसायन वापरून त्याने तो झोतच नाहीसा केला आणि १८०७ साली पेटंट घेतलं. त्यातूनच पुढे तांब्याची टोपी आली.

बार नळीबाहेर पडला की छऱ्यांना एकत्र ठेवणारं काहीच उरत नाही. पसारा मोजायचा तर ४० यार्डांवर मोठा कागद उभा करतात आणि ३० इंच व्यासाच्या वर्तुळातली भोकं मोजतात. सरळ नळीतले सुमारे ४० टक्के छर्रे त्या वर्तुळात पडतात. नळीचं तोंड किंचित निमुळतं केलं, ज्याला चोक म्हणतात, तर ७० टक्क्यांपर्यंत. न्यूकॅसलच्या पेप या बंदूककाराने १८६६ साली याचं पेटंट घेतलं. ठासणीच्या बंदुकीला चोक सहसा नसतो, कारण घट्ट बुच त्या अरुंद तोंडातूनच आत घालावा लागेल. तिथे सगळी भिस्त छऱ्याच्या गोलाईवर. गोल छर्रा सरळ जातो, चेपलेला भरकटतो आणि मागे पडतो. मनोऱ्यातल्या त्या साडेतीन सेकंदांचा हिशेब इथे कागदावर उमटतो.

ही विद्या अजून पुसलेली नाही. ठासणीच्या जुन्या बंदुकांनी मातीच्या उडत्या चकत्या टिपण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा आजही होतात. टोपीच्या बंदुकीच्या प्रकाराला ‘लोरेन्झोनी’ म्हणतात, चकमकीच्या प्रकाराला ‘मँटन’. आपल्याकडे १९५९चा शस्त्र कायदा पीकसंरक्षणासाठीच्या परवान्यात ठासणीच्या बंदुकीचा नाव घेऊन उल्लेख करतो. कोकणात असे परवानेधारक शेतकरी आहेत. मात्र १९७२च्या वन्यजीव कायद्यात १९९१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर शिकारीचा शौक कुणाच्याही परवान्यात बसत नाही. आणि माळ्यावर आजोबांची ठासणीची बंदूक सापडलीच तर ती भरलेली आहे असंच धरून चाला. ही बंदूक उघडून आत पाहता येत नाही आणि कोरडी राहिलेली काळी दारू वर्षानुवर्षं जिवंत असते. पोलीस ठाण्याला कळवा, घोडा ओढून पाहू नका.

या दोन प्रवासांच्या कौतुकात एक गोष्ट फार काळ कुणी मोजली नाही. वर्तुळाबाहेर गेलेले छर्रे पडतात कुठे? पाणथळीत. बदकं आपल्या पेषणीत दाणे दळण्यासाठी खडे गिळतात, त्यांत हे गोल गुळगुळीत छर्रेही जातात. तिथे शिसं झिजतं, रक्तात उतरतं आणि पक्षी मरतो. त्याला खाणाऱ्या गरुडापर्यंतही विष पोचतं. नेम चुकला तरी छर्रा मारतोच. अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे १९९१पासून देशभर बंद केले. डेन्मार्कने १९९६ साली ते सरसकट हद्दपार केले. पोलादी छर्रे जुन्या मऊ नळ्यांना ओरखडतात, म्हणून ठासणीवाले आता बिस्मथकडे वळले आहेत. छर्रा गोल कसा होतो हे माणसाला १७८२ साली उमगलं. तो कुठे जाऊन पडतो याचा कायदा व्हायला त्यानंतर दोनशे वर्षं लागली, आणि एवढा उशीर व्हायचं काही कारण नव्हतं.