साधी गाठ, अर्धवट नोंद

फुप्फुसावरणाच्या साध्या गाठींचा आढावा म्हणजे मुख्यतः सॉलिटरी फायब्रस ट्यूमरचा आढावा. लायपोमा सीटी स्कॅनवर चरबीच्या घनतेवरूनच ओळखू येतो. अ‍ॅडेनोमॅटॉइड आणि कॅल्सिफाइंग फायब्रस ट्यूमर क्वचित भेटतात. त्यांच्यासाठी एवढं पुरे.

क्लेम्परर आणि राबिन यांनी १९३१ साली सॉलिटरी फायब्रस ट्यूमर या गाठीचं वर्णन केलं, पण पुढे तिला मेसोथेलिओमाच्याच घरात बसवलं गेलं. तो शिक्का पुसायला अर्धशतक लागलं. अ‍ॅस्बेस्टॉसशी तिचा संबंध नाही. ती आवरणाच्या वरच्या थरातून नव्हे, त्याखालच्या संयोजी ऊतीतून उगवते. स्लाइडवर निश्चित रचना नसलेल्या लांबट पेशी, जाड कोलॅजन आणि सांबराच्या शिंगांसारख्या फाटे फुटलेल्या रक्तवाहिन्या दिसतात. सीडी-३४ तपासणीने बरीच मदत केली. २०१३ मध्ये एनएबी२-स्टॅट६ जनुकांचा संयोग सापडला आणि केंद्रकात उमटणाऱ्या स्टॅट६च्या रंगाने उरलेला वाद मिटवला.

डोगे-पॉटर सिंड्रोमवर मात्र मी थांबणारच. मधुमेह नाही, इन्सुलिन घेत नाही, तरी पहाटे घामाने निथळलेला, असंबद्ध बडबडणारा माणूस आपत्कालीन विभागात येतो. साखर घसरलेली, इन्सुलिन आणि सी-पेप्टाइडही कमी. कुणी मेंदूचा स्कॅन मागवतं, कुणी मानसोपचारतज्ज्ञाला बोलावतं. छातीचा साधा एक्स-रे काढला, की एका बाजूला भलीमोठी सावली! गाठ आयजीएफ-२चं अपक्व रूप रक्तात सोडत असते. ती निघाली की साखर सावरते. माझ्या विद्यार्थ्यांना हे पाठ असे.

उपचार शस्त्रक्रियाच. बहुतेक गाठी फुप्फुसाला चिकटलेल्या आतल्या आवरणातून निघतात, पुष्कळदा देठावर लटकतात. देठासह, निरोगी ऊतीची कड राखून काढायच्या. ‘साधी आहे, मग परत कशाला बोलवायचं?’ म्हणणाऱ्या मंडळींशी माझं कधीच पटलं नाही. दहा वर्षांनंतरही ही गाठ उलटते. दरवर्षी स्कॅन काढणं मला जास्त वाटत नाही.

आता कोडिंग. इथली घसरण बघवत नाही. अहवालात नुसतं ‘फायब्रस ट्यूमर, प्ल्युरा’ लिहून पॅथॉलॉजिस्ट मोकळे होतात आणि कोडर बिचारा यादी चाळत बसतो. आयसीडी-१०मध्ये डी१९.० मेसोथेलियल ऊतीच्या साध्या गाठींसाठी आहे. अ‍ॅडेनोमॅटॉइड तिथे शोभतो. अमेरिकी आवृत्तीच्या तक्त्यात प्ल्युराच्या इतर साध्या गाठीही डी१९.०मध्येच जातात. लायपोमाला डी१७.४ आणि वर्तनच अनिश्चित असेल तर डी३८.२. आयसीडी-ओमध्ये तर सगळा निवाडा तिरप्या रेघेनंतरच्या आकड्यावर: ८८१५/० साधी, /१ अनिश्चित, /३ घातक. तो आकडा कोडरने ठरवायचा नसतो. पेशीविभाजन दहा हाय-पॉवर क्षेत्रांत चाराहून अधिक आहे का, ऊतिनाश आहे का, कडा मोकळ्या आहेत का, हे पॅथॉलॉजिस्टने लिहायला हवं. देठ कुठल्या आवरणावर होता, हे सर्जनने. या चार ओळी नसल्या की एखाद्या धडधाकट माणसाच्या कागदावर सी४५.०, म्हणजे मेसोथेलिओमा, चढतो आणि विम्याच्या फायलीतून तो काढता काढता त्याची वर्षं जातात.