साय, खोबरेल आणि ती खाजेची ट्यूब
आमचं भूम खव्याचं गाव. त्यामुळं थंडीत गालाला दुधाची साय लागणारच! लावा की. पण खरं काम खोबरेल नाहीतर व्हॅसलीनचं. कोमट पाण्यानं आंघोळ करून अंग ओलसर असतानाच चोळायचं. टाचांच्या भेगांना रात्री व्हॅसलीन, वर सुती मोजे. उन्हाळ्यात घामोळ्यांवर तेल नको. सैल सुती कपडे, गार पाणी.

पावसाळ्यात जांघेत नायटा उठला, की मेडिकलमधून ‘खाजेची ट्यूब’ आणू नका. त्यात अनेकदा स्टेरॉइड असतं: खाज थांबते, बुरशी पसरत राहते. २०१८ पासून १४ स्टेरॉइड मलमांना चिठ्ठी सक्तीची आहे. घरात दोघा-तिघांना रात्रीच खाज सुटते? खरूज असेल. सगळ्यांनी एकाच वेळी डॉक्टरांना दाखवा.