लेकीच्या सायकलचा टायर घेताना

मागे आमच्या गटातल्या एकीच्या लेकीसाठी आम्ही स्वस्तातला २६ इंची टायर आणला. तो रिमवर बसेचना. पैसे अडकले, पोरीची दोन दिवस शाळा बुडाली.

चूक कुठे झाली? सगळे २६ इंची टायर सारखे नसतात. २६ × १-३/८ आणि २६ × १.७५ यांच्या रिमा वेगळ्या. म्हणून जुन्या टायरच्या कडेवरचा ३७-५९० असा आकडा कागदावर उतरवून दुकानात न्या. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचं माप, दोन्ही मिलिमीटरमध्ये.

दुसरा आकडा जुळलाच पाहिजे. पहिला थोडा कमीजास्त चालतो. पण फार रुंद टायर मडगार्डला घासतो, फार अरुंद असला तर खड्ड्यात रिमला मार बसतो.

रिम धड असेल तर बदलू नका. आधी आकडा वाचा, मगच पैसे मोजा!